बीबीए आयबी की बीकॉम? नाशिकमध्ये राहून आंतरराष्ट्रीय व्यापार शिकताना

एका मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बारावी कॉमर्स झालंय, घर निफाड तालुक्यात, वडिलांची द्राक्षबाग आहे आणि माल पिंपळगावच्या एका निर्यातदाराला जातो. आंतरराष्ट्रीय व्यापार आणि फायनान्स शिकायचं आहे. मग नाशिकमध्येच बीबीए इंटरनॅशनल बिझनेसला प्रवेश घ्यावा, बीकॉम करून पुढे एमबीए करावं, की सरळ पुण्या-मुंबईला जावं? आणि गणित बेताचं असेल तर फायनान्स झेपेल का?

प्रश्न पदवीचा वाटतो, पण खरी अडचण वेगळी आहे. निर्यात करणारी कंपनी, कस्टम हाउस एजंट (सीमाशुल्काची कागदपत्रं करणारा, म्हणजे कस्टम्स ब्रोकर) किंवा बँकेचा फॉरेक्स विभाग नवीन मुलं घेताना तीन गोष्टी तपासतो. कागदांचा संच समोर ठेवला तर त्यातली विसंगती दिसते का? एका कंटेनरचा खर्च कागदावर मांडता येतो का? आणि पैसे कधी, कोणत्या चलनात, कोणत्या मार्गाने येणार आणि कुठे अडकू शकतात, हे सांगता येतं का? हे तीन वर्षांत कुठे शिकायला मिळेल ते बघून कॉलेज निवडा.

अर्थात, काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. पुणे विद्यापीठाचा बीबीए (आयबी) म्हणजे पूर्वीचा बीएफटी, बॅचलर ऑफ फॉरेन ट्रेड. आयात-निर्यातीची कार्यपद्धती, परकीय चलन, लॉजिस्टिक्स हे विषय त्यात सुरुवातीपासून येतात, ही जमेची बाजू. पण हा अभ्यासक्रम बहुतेक कॉलेजांत विनाअनुदानित असतो, त्यामुळे फी जास्त. शिवाय २०२४ पासून बीबीए-बीसीएसाठी राज्य सीईटी सुरू झाली आहे. तिची तारीख चुकली तर मोठी अडचण होते. बीवायके किंवा केटीएचएमसारख्या कॉलेजात अनुदानित तुकडीत बीकॉम केलं तर खर्च बराच कमी होतो आणि सीए किंवा सीएमएच्या (कॉस्ट अकाउंटंटच्या) परीक्षांना वेळ राहतो. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि तुम्ही ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गात येत असाल, तर राज्य सरकारने २०२४-२५ पासून मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. त्यासाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. तुम्ही पाहताय तो अभ्यासक्रम आणि ते कॉलेज यात बसतं का, हे प्रवेशाआधी विचारून घ्या. नंतर काही करता येत नाही.

माझं मत सांगायचं तर, फायनान्सकडे ओढा असेल तर बीकॉम आणि सोबत सीएमए किंवा सीए ही जोडी जास्त पक्की आहे, कारण अकाउंटिंगचा पाया बीबीएत बऱ्याचदा कच्चा राहतो. माल, कागदपत्रं, ग्राहक यांच्याशी संबंधित काम करायचं असेल तर बीबीए (आयबी) घ्या. दोन्हीकडे वर्गाबाहेर जे शिकाल त्याने जास्त फरक पडेल. म्हणून उरलेलं उत्तर त्यावरच आहे.

सुरुवात कागदांपासून करा. एका निर्यातीचा संच साधारण असा असतो: प्रोफॉर्मा इनव्हॉइस, खरेदीदाराची ऑर्डर किंवा एलसी (खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशांची हमी), कमर्शियल इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टम्सकडे दिलेला निर्यातीचा अर्ज), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती), सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, शेतमाल असेल तर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला, थोडक्यात ‘फायटो’) आणि विमा काढला असेल तर त्याची पॉलिसी. ओळखीच्या निर्यातदाराकडून किंवा एजंटकडून नावं, पत्ते आणि दर झाकलेला जुना संच मागा. व्यवहार जुना असेल आणि तुम्ही नीट विचारलं तर बरेच जण देतात. मग एक तक्ता करा. आडव्या ओळीत कागदांची नावं, उभ्या रकान्यात मालाचं वर्णन, एचएस कोड (मालाचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक), पेट्या, निव्वळ वजन, एकूण वजन, कंटेनर क्रमांक, सील क्रमांक, बंदर, तारीख. प्रत्येक माहिती प्रत्येक कागदावर जशी लिहिली आहे तशी उतरवा. पॅकिंग लिस्टवर निव्वळ वजन १२,००० आणि फायटोवर ११,९८० असेल, तर तिकडच्या बंदरावर तपासणी अधिकारी माल अडवू शकतो. नाशवंत माल दोन दिवस थांबला तरी भाव पडतो. कंटेनर क्रमांकात चार अक्षरं आणि सात अंक असतात. शेवटचा अंक आधीच्या दहा चिन्हांवरून गणित करून काढलेला असतो, त्यामुळे टाइप करताना झालेली चूक पडताळता येते. ही पडताळणी एक्सेलमध्ये बसवून पाहा. एक्सेलही शिकून होईल.

एचएस कोडवर स्वतंत्र वेळ द्या. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात आणि पुढचे दोन भारताचे. ताजी द्राक्षं ०८०६१०, बेदाणा ०८०६२०, कांदा ०७०३१०, वाइन २२०४. परदेशातली ड्युटी, व्यापार कराराची सवलत, रोडटेप या सरकारी योजनेतून मिळणारा करांचा परतावा, निर्यातीवरचं बंधन हे सगळं या कोडवर ठरतं. तो चुकला तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

एलसीचे नियम यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमावलीत आहेत. १ जुलै २००७ पासून लागू असलेली ही ३९ कलमं आहेत आणि ती मूळातून वाचा. गाइडमध्ये एलसीचे प्रकार पाठ करायला देतात, पण पैसे अडकतात ते प्रकारांमुळे नाही. बँक माल बघत नाही, कागद बघते. ते तपासायला तिला जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस मिळतात. वेगळी अट नसेल तर माल चढवल्यापासून २१ दिवसांत कागद सादर करावे लागतात, आणि तेही एलसीची मुदत संपायच्या आत. विम्याचा कागद माल चढवल्याच्या तारखेनंतरचा असेल तर सहसा तो नाकारला जातो, आणि विम्याची रक्कम मालाच्या (भाडं-विम्यासहच्या) किमतीच्या किमान ११० टक्के लागते. एक बारकावा बघा. एलसीत ‘१२,००० किलो’ लिहिलं असेल तर एकूण रक्कम ओलांडत नाही तोवर पाच टक्के कमी-जास्त चालतं. पण ‘२,४०० पेट्या’ असं लिहून अंशतः पाठवणीला मनाई केली असेल, तर एक पेटी कमी भरली तरी कागदात दोष निघतो. माल तोच, पेटी पाच किलोची, आणि फक्त लिहिण्याच्या पद्धतीमुळे पैसे थांबतात. ऑर्डर आली की मसुद्यावरच हे पकडायचं असतं. माल बंदरावर गेल्यावर दुरुस्ती मागितली तर खरेदीदाराच्या हातात भाव पाडायचं कारण येतं.

पण युरोपला जाणारी द्राक्षं एलसीवर क्वचितच जातात. बहुतेक व्यवहार खरेदीदाराने दिलेल्या किमान किमतीच्या हमीवर किंवा तिकडे विक्री झाल्यावर हिशेब, अशा पद्धतीने होतात. त्यामुळे एलसी शिकायला अंबड, सातपूर, सिन्नरच्या एमआयडीसीतले यंत्रभाग किंवा औषधं पाठवणारे कारखाने बरे. द्राक्षांकडून शिकायचं ते मालाची गुणवत्ता आणि शोधसाखळी.

त्यात नाशिकच्या विद्यार्थ्याला जे सहज मिळतं ते मुंबईच्या वर्गात मिळत नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षासाठी प्लॉटची नोंदणी, अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीवर प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउसची मान्यता, अ‍ॅगमार्क आणि फायटो असा क्रम आहे, आणि पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत पोहोचता येतं. या शिस्तीला मोठी किंमत मोजावी लागलेली आहे. २०१० मध्ये सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढरोधकाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त निघाले, युरोपात भारतीय द्राक्षं अडकली आणि अनेक निर्यातदार व बागायतदार कर्जात गेले. कॉलेजात ‘बिगर-शुल्क अडथळे’ असं एक प्रकरण असतं. ते वाचताना वडिलांच्या फवारणीची वही शेजारी ठेवा. कोणतं औषध कधी मारलं, काढणीआधी किती दिवस थांबायचं होतं आणि ज्या देशात माल जाणार तिथली अवशेष मर्यादा किती, हे तीन रकाने भरून बघा. देशागणिक मर्यादा बदलते आणि युरोपातल्या मोठ्या सुपरमार्केटांच्या अटी सरकारी मर्यादेपेक्षाही कडक असतात, हे लगेच लक्षात येईल.

व्यापार धोरण शिकायला कांद्याच्या बाजारपेठेसारखं, म्हणजे लासलगावसारखं ठिकाण नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. या पाच तारखांच्या समोर लासलगाव बाजार समितीचे त्या आठवड्यातले भाव लिहा. मग स्वतःला विचारा: या काळात एखाद्याचा आधीच करार झालेला असेल तर नवीन शुल्क कोण भरणार? करारात त्याबद्दल वाक्य होतं का? असा आदेश निघतो तेव्हा जहाजावर चढायला लागलेल्या किंवा कस्टम्सच्या ताब्यात दिलेल्या मालाचं काय, हे त्याच अधिसूचनेत लिहिलेलं असतं. बंदी आणि किमान मूल्यासाठी डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) आणि शुल्कासाठी सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या) संकेतस्थळावर जाऊन मूळ अधिसूचना वाचायची सवय लावा. बातमीत शुल्क किती हे येतं. कोणाला सूट आहे ते अधिसूचनेतच सापडतं.

आता पैशाकडे. गणिताची भीती इथे आडवी येते, पण रोजच्या कामाला लागणारं गणित टक्केवारी, व्याज आणि वजाबाकी एवढंच आहे. शिकायची ती मांडणी. समजा, १२,००० किलोचा एक रीफर (माल थंड ठेवणारा) कंटेनर आहे (आकडे फक्त समजण्यापुरते). बागेतला भाव किलोला ८० रुपये, म्हणजे ९,६०,०००. पॅकिंग, प्रीकूलिंग, मजुरी, सल्फर पॅड किलोला २५ रुपये, म्हणजे ३,००,०००. बंदरापर्यंतची वाहतूक, एजंट आणि बंदराचे आकार १,२०,०००. जहाजावर चढेपर्यंतचा खर्च झाला १३,८०,०००, किलोला ११५ रुपये. समुद्री भाडं ४,८०० डॉलर, दर ८५ धरला तर ४,०८,०००. एकूण १७,८८,०००. विक्री २२,००० डॉलरला, म्हणजे १८,७०,०००. हाती राहिले ८२,०००.

आता डॉलर ८५ वरून ८३ वर आला तर? विक्रीत ४४,००० कमी होतात. भाडंही डॉलरमध्येच असल्यामुळे ते त्याच सुमारास भरायचं असेल तर ९,६०० वाचतात. पण भाडं आधीच भरून झालं असेल आणि खरेदीदाराचे पैसे दोन महिन्यांनी येणार असतील, तर अख्खे ४४,००० जातात, म्हणजे नफ्यातले निम्म्याहून जास्त. पैसे येण्याच्या आणि जाण्याच्या तारखा एका ओळीत मांडल्याशिवाय जोखीम किती हे कळत नाही. परकीय चलनाच्या पेपरात चांगले गुण मिळवणारी मुलंही इथे अडतात, कारण प्रश्नात तारखा दिलेल्या नसतात.

फॉरवर्ड कराराबद्दल, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलरचा दर बँकेशी आजच ठरवण्याबद्दल, एक गैरसमज नेहमी दिसतो. हजर दर ८५, तीन महिन्यांचा फॉरवर्ड ८५.४२, म्हणजे बाजाराला डॉलर वाढेल असं वाटतंय, असं लिहून येतात. तसं नसतं. रुपयाचं व्याज वर्षाला ६.५ टक्के आणि डॉलरचं ४.५ टक्के धरा. ८५ ला १.०१६२५ ने गुणा आणि १.०११२५ ने भागा, ८५.४२ येतात. हा फरक व्याजदरांचा आहे. निर्यातदाराला तो प्रीमियम म्हणून मिळतो, म्हणून फॉरवर्ड त्याला आकर्षक वाटतो. पण किमान हमीवर किंवा विक्रीनंतरच्या हिशेबावर माल गेला असेल, तर अंतिम रक्कमच ठरलेली नसते. अशा वेळी पूर्ण रकमेचा फॉरवर्ड केला, माल तिकडे खराब निघाला आणि तोवर डॉलर वर गेला, तर करार रद्द करताना फरक आपल्यालाच भरावा लागतो. म्हणून हमीच्या रकमेपुरताच करार करणं शहाणपणाचं.

एक कच्चा दुवा आपल्याकडे ठरलेला आहे. बागायतदाराला पैसे लवकर हवे असतात आणि परदेशातून ते उशिरा येतात. हे अंतर बँकेच्या पॅकिंग क्रेडिटने (माल पाठवण्याआधी मिळणाऱ्या निर्यात कर्जाने) भरतात, आणि परदेशी खरेदीदार बुडाला तर म्हणून ईसीजीसी या सरकारी कंपनीचा विमा घेतात. ज्या व्यापाऱ्याकडे या दोन्हीपैकी काही नसतं, तो मधल्या मधे शेतकऱ्याचे पैसे थकवतो. तुमच्या तालुक्याला हे नव्याने सांगायला नको. फायनान्स शिकणाऱ्या मुलीने हे अंतर दिवसांत आणि व्याजात मोजायला शिकावं. १५ लाख ६० दिवस अडकले आणि व्याज १० टक्के असेल तर २४,६५८ रुपये. वरच्या उदाहरणातल्या नफ्यातून ते वजा करून बघा.

इन्कोटर्म्स म्हणजे खर्च आणि जोखीम विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे कुठे जाते हे ठरवणाऱ्या अटी; २०२० च्या आवृत्तीत त्या ११ आहेत. पाठ करायला सोप्या, वापरायला अवघड. दोन गोष्टी पक्क्या करा. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा विक्रेता भरतो, पण जोखीम आपल्याच बंदरावर माल जहाजात चढताक्षणी खरेदीदाराकडे जाते. बहुतेकांना ती तिकडच्या बंदरावर जाते असं वाटतं. दुसरी, कंटेनरच्या मालाला एफओबीपेक्षा एफसीए (वाहतूकदाराच्या ताब्यात माल देताच आपली जोखीम संपते) बरी. एफओबीत जहाजात चढेपर्यंत जोखीम आपली असते आणि कंटेनर त्याआधी न्हावा-शेवा बंदराच्या यार्डात उभा असतो. तिथे रीफरचा वीजपुरवठा खंडित झाला तर भांडण आपल्या अंगावर येतं.

आयातीकडे दुर्लक्ष करू नका, कारण नाशिकच्या कारखान्यांत आयात विभागातही बारमाही काम असतं. सीआयएफ मूल्य १,००,००० असेल आणि मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के असेल, तर ७,५००, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार ७५०. मग १,०८,२५० वर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १९,४८५. कस्टम्सला भरले २७,७३५. पण आयजीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर खरा खर्च ८,२५० एवढाच. मुलाखतीत हा हिशेब न अडखळता मांडणारे फार थोडे भेटतात.

आकडे आणि मुदती मात्र गाइडमधून पाठ करू नका. निर्यातीचे पैसे किती महिन्यांत आणायचे, परताव्याचे दर किती, हे रिझर्व्ह बँक आणि डीजीएफटी बदलत असतात. छापील पुस्तक मागे पडतं. नियम कुठे सापडतो हे माहीत असणं पुरेसं आहे.

प्रत्यक्ष कामासाठी वेळ नीट निवडा. द्राक्षाचा हंगाम जानेवारी ते एप्रिल आणि कॉलेजच्या परीक्षाही त्याच सुमारास. म्हणून पहिल्या वर्षी दिवाळीनंतर, प्लॉट नोंदणी आणि पॅकहाउसची तयारी चालू असताना जा. तेव्हा लोकांना बोलायला वेळ असतो. फेब्रुवारीत कोणी शिकवत नाही, फक्त राबवून घेतात. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एमआयडीसीतल्या निर्यात विभागात किंवा एजंटच्या ऑफिसात दोन महिने काढा. एजंटकडे पगार कमी मिळतो, पण एका आठवड्यात जितकी बिलं डोळ्यांखालून जातात तितकी कारखान्यात महिन्यात जात नाहीत. हे काम आवडलं तर पदवीनंतर कस्टम्स ब्रोकर परवान्याच्या परीक्षेचा रस्ताही आहे.

बाहेर जायचं कधी? बँकांची ट्रेड फायनान्स केंद्रं, ट्रेझरी विभाग, मोठ्या शिपिंग कंपन्या मुंबईत आणि काही पुण्यात आहेत, त्यामुळे शुद्ध फायनान्स करायचं तर कधीतरी नाशिक सोडावं लागेल. पण बारावीनंतर लगेच नको. तिथल्या राहण्याच्या खर्चात इथली पदवी पूर्ण होते. पदवी, दोनेक वर्षं काम आणि मग कॅट परीक्षेतून आयआयएफटी (परदेशी व्यापार शिकवणारी संस्था) किंवा स्नॅप परीक्षेतून पुण्याची सिम्बायोसिसची आयबी संस्था, हा क्रम मला योग्य वाटतो. कामाचा अनुभव असला की तिथला अभ्यासही वेगळा समजतो आणि मुलाखतीत बोलायला काही असतं. भाषेचं विचाराल तर आधी इंग्रजी ईमेल बिनचूक लिहायला शिका, जर्मन किंवा स्पॅनिश नंतर.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघून परत येऊ नका. आयात-निर्यात कार्यपद्धती शिकवणाऱ्या शिक्षकांना भेटा आणि विचारा: वर्गात खरं बिल ऑफ लेडिंग आणि शिपिंग बिल दाखवता का? न्हावा-शेव्याची किंवा पॅकहाउसची भेट अभ्यासक्रमात आहे का, आणि गेल्या वर्षी झाली का? इंटर्नशिप कॉलेज लावून देतं की प्रमाणपत्र आणायला सांगतं? गेल्या तुकडीतल्या दोन मुलांचे नंबर मिळतील का? त्या मुलांना फोन करून त्यांनी प्रत्यक्ष कोणते कागद हाताळले तेवढंच विचारा. अनुदानित बीकॉमच्या शिक्षकांनी यातल्या दोन प्रश्नांना जरी ठोस उत्तर दिलं आणि महागड्या बीबीएवाल्यांनी फक्त प्लेसमेंटचा तक्ता पुढे केला, तर बीकॉमला प्रवेश घ्या.